पहिल्यांदाच आलात वाटतं?

अमेरिकेत नेपरव्हिलला असताना मी मराठी गोष्टींची एक वेबसाइट चालवायचो. गोष्टी सगळ्या माझ्या आणि शंभर टक्के खऱ्या. फक्त घडलेल्या नव्हत्या. हिमवादळात अडकलेली माझी गाडी खारींनी ढकलत स्टेशनपर्यंत नेली, ती गोष्ट तर मी डोळ्यांत पाणी आणून लिहिली होती.

तेव्हा मराठी वाचायला फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागे. नाहीतर पडद्यावर नुसती मुंग्यांची मिरवणूक. म्हणून नव्या पाहुण्यासाठी मी दारातच एक पॉप-अप उभा केला होता. मजकूर चित्रात, म्हणजे फॉन्ट नसला तरी वाचता यावा: ‘पहिल्यांदाच आलात वाटतं? या, बसा. चपला बाहेर काढा आणि आधी हा फॉन्ट घ्या.’ एकदा येऊन गेलेल्याला तो परत दिसत नसे. घरच्या माणसाला कोण रोज ‘या, बसा’ करतं?

मग ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या पॉप-अप अडवायला लागल्या आणि माझी झोप उडाली. पाहुणा दारात आणि यजमान माळ्यावर कोंडलेला! पॉप-अप नव्या लोकांना अजून दिसतो का, हे बघायला मी लायब्ररीतले सगळे कॉम्प्युटर पालथे घातले. दात दुखत नसताना डेंटिस्टकडे गेलो आणि रिसेप्शनिस्टच्या कॉम्प्युटरवर साइट उघडायला लावली. दिसला! त्या आनंदात एक चांगला दात काढून घेतला.

आता उलटी तपासणी उरली होती. जुन्या पाहुण्याला तो दिसत नाही ना? त्यासाठी सगळ्यात जुना पाहुणा हवा होता आणि तो होता गावातलाच माझा जिवलग मित्र, मूळचा नागपूरचा. घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या प्रत्येक पॉटलकला चार लोकांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “काय लिहितो बे तू! मी तर सकाळी उठलो की आधी घरच्या कॉम्प्युटरवर तुझी गोष्ट, मग चहा.” खरं सांगतो, मी लिहायचो ते त्याच्यासाठी. खारी गाडी ढकलतायत आणि हा चहाआधी एकटाच हसतोय, हे डोळ्यांसमोर आणूनच वाक्य जुळवायचो.

त्याच्या घरी जाऊन साइट उघडली. पॉप-अप टुणकन वर.

“बग!” मी ओरडलो. आधी कोडवर संशय घेतला, मग ब्राउझरवर, मग इलिनॉयच्या हवेवर. मग पॉप-अप बंद केला. खाली माझी गोष्ट होती. मुंग्या. ओळीच्या ओळी मुंग्या.

फॉन्टच नव्हता.

“कॉम्प्युटर नवीन आहे ना यार,” तो म्हणाला.

“नवीन कुठला?” वहिनी किचनमधून म्हणाल्या, “इथे आल्यापासून हाच तर आहे. भावजी, पोहे खाणार ना?”

मला त्याला वाचवायचं होतं. म्हटलं, “ते जाऊ दे. खारींच्या गोष्टीतली शेवटची घोरपड कशी वाटली?”

“घोरपड!” त्याने मांडीवर थाप मारली. “हसून हसून मेलो बे! घोरपड म्हणजे कमाल!”

‘कुठली घोरपड?’ एवढं विचारलं असतं तरी सुटला असता. त्या गोष्टीत घोरपड नव्हती. माझ्या एकाही गोष्टीत नव्हती. उभ्या नेपरव्हिलमध्ये थापा मारायचा मक्ता माझा, आणि हा माझ्याच मालावर इतकी वर्षं आपलं दुकान चालवत होता.

पोहे खाल्ले. वहिनींचा काय दोष?

बूट चढवत होतो तेव्हा तो दारात आला. “येत जा बे असा.”

“तुम्हीच या आता,” मी म्हणालो. त्याला आजवर कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. “पहिल्यांदाच येणार, तेव्हा चपला बाहेर काढा.”

तो खो-खो हसला. न वाचलेल्या गोष्टींना हसायचा, अगदी तसाच.