थाप पडली की उठणारे काका

दारावर थाप पडली आणि माझ्या मावशीचे यजमान जागचे उठले नाहीत, असं देऊळघाटात आजवर घडलेलं नाही. काका जेवत असोत, तापाने फणफणलेले असोत, थाप ऐकली की मान वर, हात वर आणि "या, या, बसा!" पाहुणा कोण, हा प्रश्न नंतरचा. एकदा अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला आत ओढलं, पिठलं-भाकर खाऊ घातली आणि तो गेल्यावर मावशीला विचारलं, "कोण होता वं तो?" शेजाऱ्यांच्या दारावर थाप पडली तरी उत्तर काकाच देतात. मी मात्र बेल वाजली की आतल्या खोलीत जाणारी. त्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी ऐकून काका म्हणतात, "हे पोरगी बोलत नाही, धडा वाचते."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा पाय जमिनीला घासू लागला. मणक्यात नस दबली असावी. पण नेमकी कुठे, हे एमआरआयमध्ये स्पष्ट दिसल्याशिवाय हात लावणार नाही, असं सर्जन म्हणाले. उशीर झाला असता तर पाय कायमचा गेला असता. बुलढाण्यात मी ज्या सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे, तिथेच त्यांना आणलं. आता एमआरआयचं यंत्र चालताना ठक-ठक वाजतं, एवढं सांगितलं की पुढचं कळेलच. पहिली ठकठक झाली आणि यंत्राच्या बोगद्यातून आवाज आला, "या, या!" अर्धा तास हेच, आणि दर वेळी मान वर, हात वर. चित्रातले मणके ओल्या शाईवर हात फिरवल्यासारखे फराटलेले. काकांना दमा असल्यामुळे गुंगीचं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते. काका उलट माझीच समजूत काढत होते, "कोणी ठोकून राह्यलं अन् आपण पडून राहावं, बरं दिसते का?"

त्याच सुमारास आमच्या यंत्राला डीप लर्निंगचं नवं सॉफ्टवेअर बसलं. हजारो स्कॅन पाहून ते शिकलेलं असतं. त्यामुळे यंत्राने कमी मोजमापं घेतली तरी त्यातली खरखर काढून ते स्वच्छ चित्र उभं करतं, आणि अर्ध्या तासाचं काम काही मिनिटांत होतं. काकांना शंका आलीच.

"म्हंजे बाकीचं ते मनानं लावते? माह्या पाठीत दुसऱ्याचा मणका बसवला तं?"

"मोजमाप तुमचंच असतं, काका. शिवाय डॉक्टर प्रत्येक चित्र स्वतः तपासतात."

पण हलणाऱ्या माणसापुढे सॉफ्टवेअर तरी काय करणार? तेवढी मिनिटं काकांना निजवून ठेवायचं होतं, आणि ते माझ्या धड्यांनी होणारं नव्हतं. यंत्रातल्या माणसाशी बोलायचा माइक मी सोबत आलेल्या मावशीच्या हातात दिला. ठकठक सुरू झाली. काचेपलीकडे काकांची मान उचलली जाणार, तोच मावशी म्हणाली, "पडून राहा जी! दारात मी उभी हावो. आलेल्याले मी बसवतो."

मान खाली गेली.

यंत्र ठोकत राहिलं आणि मावशी पाहुणे बसवत राहिली. "हाव, आले. बसवले. च्या टाकला. तुम्ही हलू नका." इकडे पडद्यावर एकेक मणका कोरल्यासारखा उमटत होता, आणि मग ती जागा आली, नस चिमटीत सापडलेली, अगदी स्वच्छ. मी, जी कधी आवाज चढवत नाही, "दिसली!" असं एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टरांनी चित्रं पाहिली आणि तिथल्या तिथे सर्जनना फोन लावला.

ऑपरेशन उत्तम झालं. सगळ्या देऊळघाटाला आता ठाऊक आहे की यंत्र शास्त्रज्ञांनी नव्हे, माझ्या मावशीने वेगवान केलं.

ऑपरेशननंतर काका काही आठवडे आमच्याकडेच राहिले. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून अंगणात हळूहळू चालायचे, आणि न बोलणारी मी त्यांच्याशी पुष्कळ बोलायचे. परवा ते बाजारात दिसले, रस्त्याच्या पलीकडे, भाजीची पिशवी घेऊन, पाय जराही न घासता भराभर निघालेले. भर बाजारात मोठ्याने हाक मारावी म्हणून मी धीर गोळा केला, तोवर ते वळणापलीकडे गेलेही होते.