स्टोअरमामांची पाच माशांची छत्री

स्टोअरमामांच्या हातात दोरी आली की ते डोळे मिटून घेत. मग ती क्रेनची मनगटाएवढी वायर असो, मिठाईच्या खोक्याचा दोरा असो की माझ्या नव्या लेंग्याची नाडी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून अख्खी लांबी सरकवायची, वायर असेल तर मध्ये फडकं धरायचं, कुठंतरी थबकायचं, बोटभर मागं यायचं, आणि डोळे न उघडताच निकाल द्यायचा : "इथं दुखतंय हिला." आम्ही डोळे फाडून बघायचो. काही दिसायचं नाही. भिंगातून बघितलं की एक तुटलेली तार केसासारखी वर आलेली असायची.

आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डात ते स्टोअरकीपर होते. वसईचे, घरची होडी असलेल्या घरातले. पंचावन्नच्या पुढचे, ठेंगणे, कायम इस्त्रीच्या शर्टात आणि कायम स्लिपरात. सगळं यार्ड त्यांना मामा म्हणायचं. पेशावरचा क्रेनवाला खानसुद्धा, आणि आमचा लेबनानी मॅनेजरसुद्धा. मला मात्र ते 'इंजिनेरसाहेब' म्हणत, आणि असं म्हणत, की आपला एखादा नटबोल्ट ढिला आहे असं वाटावं.

त्याला कारण होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. वडील सायकली दुरुस्त करायचे. मी पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून मुसफ्फाच्या खोलीत पलंगावर टांगलं होतं, आणि त्यात मला अजूनही लाजण्यासारखं काही वाटत नाही. मामा पहिल्यांदा खोलीवर आले तेव्हा त्यांनी फ्रेम बघितली नाही, फ्रेमची सुतळी चिमटीत धरली. "पदवी भारी आहे," म्हणाले, "पण सुतळी बदल. झोपेत डोक्यात पडेल."

मग दोन हजार आठ सालचं ते आर्थिक संकट आलं. दुबईत बांधकामं थांबली आणि तीनच महिन्यांत आमच्याकडे प्रत्येक फाइलवर 'होल्ड' लिहून आलं. कटिंग मशीन बंद, वेल्डर कॅम्पात पत्ते खेळत बसलेले, दर आठवड्याला कोणी ना कोणी घरी चाललेला. यार्डात इतकी शांतता, की मॅनेजरच्या खुर्चीची करकर स्टोअरपर्यंत ऐकू यायची. सुट्टीचा शुक्रवार उजाडला की दिवस खायला उठायचा. मामा म्हणाले, "इथं बसून एकमेकांची तोंडं काय बघता? चला फुजैराला." त्यांनी चर्चमधली मिस्सा गुरुवारी संध्याकाळीच उरकून घ्यायला सुरुवात केली, आणि शुक्रवार माशांना दिला.

खानच्या पिकअपमधून आम्ही तिघं जायचो. फुजैराच्या दगडी धक्क्यावर उभं राहून मामा जे फेकायचे, त्याला ते छत्री म्हणत. शिशाच्या एका गोळ्यातून पाच स्टीलच्या तारा फुटलेल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक रबरी मासा. पाण्यातून ओढली की पाच माशांचा लहानसा थवा चालल्यासारखा दिसतो, आणि मोठ्या सुरमईला राहवत नाही. तारा आमच्याच यार्डाच्या भंगारातल्या. मामांनी त्या स्टोअरच्या दारात बसून वळल्या होत्या. ओली झाली की अख्खी छत्री बुटाएवढी जड लागायची.

मला माझी स्वतःची दोरी घ्यायची होती. मी कागदावर हिशोब मांडला : मासा फार तर सहा किलोचा, तीस पौंडाची विणलेली दोरी म्हणजे तेरा-चौदा किलो, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय बारीक असल्यामुळे लांब जाणार. दुकानात मामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐंशी पौंडाची, चार पेडांची खरखरीत दोरी उचलली. "आठ पेडांची रेशमी असते, साडीसारखी," म्हणाले. "ही घोंगडी आहे. पण धक्क्याच्या दगडावर घासून साडी टिकेल का घोंगडी?" मी म्हटलं, मामा, ऐंशी पौंड म्हणजे छत्तीस किलो होतात, तुम्ही काय खानला गळाला लावणार आहात? खान खूश झाला. मामा एवढंच म्हणाले, "मासा तोडत नाही रे दोरी. फेक तोडते." आणि मला हवी ती घेऊ दिली. उलट वर स्वतःची दुसरी छत्रीही दिली.

त्या शुक्रवारी मी धक्क्यावर उभा राहिलो, गळाची काठी मागं नेली आणि सगळं इंजिनीअरिंग पणाला लावून फेकली. छत्री दहा-बारा हात गेली असेल. रीलवर सैल गुंडाळलेली दोरी स्वतःच्याच वेढ्यात रुतून बसली, फट्‌ असा आवाज झाला, आणि दोरी माझ्याकडे राहिली. छत्री पुढं गेली. खूप पुढं गेली. एवढ्या लांब त्या धक्क्यावरून कोणी फेकली नसेल.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "गेली," म्हणाले. "पाचही पोरांना घेऊन गेली." खान दगडावर बसून पोट धरून हसत होता. मी दोरीच्या कंपनीला नावं ठेवायला लागलो तेव्हा मामांनी विचारलं, "इंजिनेरसाहेब, खानने क्रेनवर लोड झटक्याने उचलला तर तुम्ही काय करता?"

"लेखी ताकीद देतो त्याला."

"का? वायर तर तिप्पट ताकदीची असते."

"झटक्याला वजन कितीतरी पटीने वाढतं म्हणून."

"मग द्या की स्वतःला लेखी."

पुढचे दोन शुक्रवार मी नुसता शिकत होतो. विणलेली दोरी रीलवर थेट बांधायची नाही, गुळगुळीत असते, सगळी मिळून गोल फिरत बसते. आधी साध्या नायलॉनचे चार वेढे घालायचे. मग ओल्या फडक्यातून ताण देत गुंडाळायची. हे काम स्टोअरच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये चालायचं : मी एका टोकाला दोरी धरून उलटा चालतोय, दुसऱ्या टोकाला मामा रील फिरवतायत, आणि खान बाजूला उभा राहून वरातीसारखा टाळ्या वाजवतोय. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की जळते. गळ दगडात अडकला तर दोरी हाताला गुंडाळून ओढायची नाही, पाइपच्या तुकड्याला गुंडाळायची. "बोटं कापते ती. हाताला दहाच आहेत, आणि स्टोअरमध्ये स्पेअर नाहीत."

आणि सगळ्यात महत्त्वाचं : घरी आलं की पुढची दोन हात दोरी कापून टाकायची. दर वेळी. दिसायला चांगली असली तरी. मला ती उधळपट्टी वाटायची. मामा म्हणत, "काम पुढचे दोन हातच करतात. झिजतात ते तेच. मागची सगळी रीलवर बसून असते, ऑफिससारखी."

त्याच सुमारास मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरचा सगळा माल कॉम्प्युटरवर चढवायचा होता. मी छाती काढून हो म्हटलं. मग तो म्हणाला, "सगळं शीटमध्ये आलं की ऑफिसमधलाच कोणी स्टोअर बघेल. मामा बावीस वर्षं आहे, मला वाईट वाटतं हबीबी, पण वरून कपातीची यादी आली आहे. यादीत एक तर तो, एक तर तू." हे दार ओढून घेत सांगितलं होतं.

मी मामांना सांगितलं नाही. तोंडावर बोलणारा म्हणून मी स्वतःला मिरवतो, पण तीन आठवडे गप्प बसलो. मामांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंग संपायला दोन वर्षं होती, तोवर त्यांना इथं राहायचं होतं, हे मला माहीत होतं. रोज सकाळी मी लॅपटॉप घेऊन स्टोअरमध्ये बसायचो आणि मामा लोड उचलायची एकेक स्लिंग, ती अडकवायची एकेक शॅकल हातात घेऊन मला सांगायचे. 'कंडिशन' या रकान्यात मला 'गुड' किंवा 'बॅड' हवं असायचं. मामा डोळे मिटून म्हणायचे, "लिही, चांगली आहे, पण उन्हात ठेवू नका." "लिही, हिच्यावर पाच टन लिहिलंय, चारच्या वर विश्वास ठेवू नका." मी वैतागायचो, "मामा, दोनपैकी एक शब्द सांगा!" तर म्हणायचे, "बायकोबद्दल विचारलं तर एका शब्दात सांगशील?"

शेवटची पानं प्रिंट करायची होती त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, ही यादी पूर्ण झाली की..."

"की मी घरी जाणार," ते म्हणाले. "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तीन शुक्रवार तू माझ्या जोकवर जरा जास्तच हसतोयस."

मला मान वर करता येईना. म्हटलं, "माहीत होतं तर मग एवढं बारीक बारीक कशाला सांगत बसलात? अर्धं सांगायचं होतं. त्यांना तुमच्याशिवाय जमलं नसतं."

मामांनी स्लिंग खाली ठेवली. त्या वेळी त्यांनी मला इंजिनेरसाहेब म्हटलं नाही. "पोरा, खान लोड उचलतो तेव्हा खाली माणसं असतात," म्हणाले. "मी असलो काय, नसलो काय." मग म्हणाले, "एक काम कर. शेवटी एक रकाना काढ. 'हात लावला.' ज्याने त्या दिवशी खरंच हाताने तपासलं त्याची सही. डोळ्याने बघून नाही."

मी रकाना काढला. इंग्रजी शीटमध्ये शेवटचं शीर्षक तेवढं मराठी, रोमन अक्षरांत. मॅनेजरने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, आणि म्हटलं की हा रकाना काढला तर मी शीटवर सही करणार नाही. आणि मामांनाही ठेवा, नाहीतर मला पाठवा. "रकाना ठेव," म्हणाला. "बाकीचं खलास. तुझं नाव मामा कालच खोडून गेला. स्वतःच्या राजीनाम्यावर सही करून."

मी तणतणत स्टोअरमध्ये गेलो. मामा कुलपांना तेल देत होते. "ओरडू नकोस," म्हणाले. "मला या वयात दुसरी नोकरी मिळणार नाही हे खरं, पण इथली तरी वर्षभरात जाणारच होती. तुझ्या वडिलांनी त्या फ्रेममधल्या पदवीचे पैसे उगाच घातले का?" आणि ऐंशी पौंडाचं आपलं रील माझ्या हातात कोंबलं. दर शुक्रवारी दोन हात कापून कापून ते निम्म्यावर आलं होतं. विमानतळावर खान ढसाढसा रडला. मामांनी त्याच्या खांद्यावरच्या बॅगेच्या पट्ट्यावरून चिमटी फिरवली. बॅग खरं तर मामांची होती, खानने नुसती उचलली होती.

यार्ड सावरलं. मी लग्न केलं, दुबईत अल कुसैसला घर घेतलं भाड्याने, एका दुसऱ्या कंपनीत लागलो. मध्यंतरी कामासाठी मुसफ्फाच्या त्या जुन्या यार्डात जाणं झालं. स्टोअरला एक फिलिपिनो पोरगी होती, क्रेनवर कोणी केरळचा. लोड उचलण्याआधी तो वरून ओरडला, "हात्त लव्वला?" तिने फडकं हलवून उत्तर दिलं, "लव्वला!" आणि मगच वायर ताणली गेली. त्यांच्यापैकी कोणालाही तो शब्द कुठून आला हे माहीत नव्हतं. क्रेनची भाषा असेल असं त्यांना वाटत होतं.

मी ते फोनवर रेकॉर्ड करून वसईला पाठवलं आणि लगेच फोन लावला.

"उच्चार फार वाईट आहे," मामा म्हणाले. मग म्हणाले, "पण उत्तर येईपर्यंत थांबतात ना?"

"थांबतात मामा."

"मग झालं. धाकटी आता वॉर्डची सिस्टर आहे, सांगितलं का तुला?" दहा वेळा सांगितलं होतं. "आणि तू? फुजैराला जातोस का? पुढचे दोन हात कापतोस ना दर वेळी?"

"कापतो की," मी ठोकून दिलं.

मला खात्री आहे, त्यांनी डोळे मिटले असणार.

"इथं अडकलास बघ," म्हणाले.

फोन ठेवून मी बाल्कनीत गेलो, काठी काढली, कात्री घेतली. मुलगी मागून आली. "बाबा, इट्स परफेक्टली फाइन! व्हाय आर यू कटिंग इट?" मी तिला थांब म्हटलं, डोळे मिटले आणि दोरी चिमटीतून सरकवायला लागलो. दीड हातावर बोट अडकलं.