अण्णांनी पाहिलेलं प्रवाळ

"ट्यूबखाली नको, टीचर. उन्हात या, नोडी, नीट बघा," असं आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत अण्णा मी आणलेली साडी उचलून थेट रस्त्यावर जायचे. चामराजपुरमच्या त्यांच्या मॅचिंग सेंटरात ब्लाउजपीस घ्यायला गेलेल्या प्रत्येक बाईची अशी वरात निघे. साडीचा पदर आणि कापड शेजारी शेजारी धरून, मान तिरकी करून ते बघत. जुळलं नाही तर गिऱ्हाईक परत पाठवत. तुमच्याही गल्लीत असा हट्टी दुकानदार असेल, तर आमची काय दमछाक व्हायची ते सांगायला नको.

त्यांचे पूर्वज कापड रंगवणारे. अण्णांनी स्वतः कधी कापड रंगवलं नाही, पण नजर तीच आली होती. एकदा मी साडीला गुलाबी म्हटलं तर ते दुखावलेच. "गुलाबी म्हणे! कांद्याचं साल आहे ते." शाळेत मी पोरांना दटावते, इथे मीच मान खाली घालून उभी.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजत चाललाय, उपाय नाही. आधी रंग जातील, मग बाकीचं. आठवडाभराने अण्णा म्हणाले, "जायच्या आधी एकदा बघून घेतो. समुद्राखाली प्रवाळावर आमच्या लोकांनाही जमले नाहीत असे रंग असतात म्हणे."

"अण्णा, वय काय तुमचं?"

"एकसष्ट. बुडायला पुरे, अल्वा? हो ना?"

इतक्या वर्षांत घरोबा झाला होता, म्हणून सुट्टीत त्यांचं आणि आमचं कुटुंब मिळून अंदमानला गेलं. कधी विहिरीतही न उतरलेला हा माणूस घट्ट रबरी पोशाखात, पाठीवर हवेची टाकी बांधून उभा राहिला तेव्हा मी पोट धरून हसले. कमरेभर पाण्यात ते तोंडाने श्वास घ्यायला शिकले. दोनदा खारं पाणी प्याले, तिसऱ्यांदा जमलं. मग प्रशिक्षकाने त्यांचा दंड धरला आणि दोघं खाली गेले. मी होडीत बसून बुडबुडे बघत राहिले.

अण्णा वर आले. मुखवटा काढून त्यांनी आधी होडीतला दोर पाहिला, मग माझी ओढणी.

"टीचर, हा दोर नारिंगी, अल्वा? ओढणी मोरपंखी?"

"हो."

"मग खाली सगळं पांढरं का? मला वाटलं, गेले डोळे."

प्रशिक्षकाने सांगितलं, डोळे ठीक आहेत. पाणी फार तापलं, प्रवाळाचा रंग गेला, आता बरंचसं मेलंय.

"चला, डोळे तरी शाबूत आहेत," मी म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं होतं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "माझेच गेले असते तर बरं होतं. बाकीच्यांना तरी दिसलं असतं."



वर्षभरात त्यांचे रंग खरंच गेले. दुकान बंद झालं आणि ते शहराबाहेर हूटगळ्ळीला मुलाकडे राहायला गेले. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून. फार वाईट वाटलं. त्यांच्या पायाशी नात समुद्राचं चित्र रंगवत होती. पाणी, मासे, होडी, सगळं झालं होतं.

"अज्जा, खालच्या प्रवाळाला कुठला रंग देऊ?" तिने खडूंचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी चाचपडत झाकण लावलं आणि डबा तिला परत दिला.

"कागद आहे तसाच राहू दे, पुट्टी."