परतीची गाडी

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या आमच्या कॅम्पात अजूनही कोणी ना कोणी सांगतं की हा पहिल्याच रविवारी असा खेळला, जणू दहा वर्षं याच टीममध्ये आहे. ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यात माझं कर्तृत्व काडीचं नव्हतं. मी फक्त तीन वर्षं एका ठरावीक एस्टीने कॉलेजला गेलो होतो.

आमचं यार्ड पोलादी टाक्या बनवणारं. तिथल्या कामगारांची कबड्डीची टीम दादाने उभी केली होती. दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. आमच्याच गावचा, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, तिथे सोळा वर्षं फिटर. गुडघा गेल्यापासून तो स्वतः चढाईला जात नसे, पण कोणी जायचं आणि कुठे हात मारायचा हे तोच ठरवायचा आणि मागून ओरडून सांगायचा. समोरच्यांना कळू नये म्हणून त्याने आमच्या गावाहून तालुक्याला जाणाऱ्या एस्टीचे थांबे वापरले होते. तालुक्याला जाताना वाडी डाव्या हाताला लागते, म्हणून वाडी म्हणजे डावा कोपरा. शाळा उजव्या हाताला, म्हणून ती उजवा कोपरा. तिठा म्हणजे मधला गडी. पूल म्हणजे बोनस रेषा ओलांड. दवाखाना शेवटचा थांबा. तो ऐकला की कोणाला न शिवता मुकाट मागे फिरायचं. आणि आधी ‘परतीची गाडी’ म्हटलं की सगळं उलटं: वाडी उजवीकडे, शाळा डावीकडे.

वाचायला सोपं आहे. पण तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू असताना आणि सात जण हात पसरून समोर उभे असताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. टीममधले साताऱ्या-कोल्हापूरचे गडी थांबे तळहातावर पेनाने लिहून आणायचे, ते घामाने पुसले जायचे. परतीची गाडी म्हटलं की निम्मे जण चुकीच्या कोपऱ्यात जाऊन आयते सापडायचे. मला विचारच करावा लागत नसे. सकाळी डावीकडच्या खिडकीतून मी वाडी पाहिलेली, संध्याकाळी डावीकडच्याच खिडकीतून शाळा. शिवाय दादा सुट्टीवर आला की गावच्या मैदानात आम्हा पोरांना हेच थांबे ओरडून खेळवायचा.

मला येऊन चार दिवस झाले होते. रविवारी सामन्यात आमचा एक चढाईवाला पाय मुरगळून बसला आणि दादाने मला आत ढकललं. तिसऱ्या चढाईला मागून आवाज आला, “परतीची गाडी, शाळा!” ‘शाळा’ म्हटलं की आम्ही उजवीकडे जातो, एवढं समोरच्यांनी तोवर ओळखलं होतं. सगळे तिकडे सावध झाले. मी डावीकडे वळलो, कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला हात लावला आणि परत आलो.

कडेला खुर्ची टाकून आमचा मॅनेजर बसला होता. पंजाबी माणूस, कबड्डीचा वेडा.

“पहला दिन है इसका?” त्याने विचारलं.

“घर का लड़का है सर,” दादा म्हणाला, “इसको सब आता है.”

छाती दादाची फुगली होती.

मॅनेजरचा एक रिवाज होता. टीममधल्या दोन महत्त्वाच्या गड्यांना तो शेडमध्ये काम द्यायचा. बाकीचे बाहेर यार्डात, टाक्यांवर. ज्याने आखातातला उन्हाळा पाहिलेला नाही त्याला शेड काय चीज आहे ते कळणार नाही. शेडमध्ये डोक्यावर पत्रा होता, पुरुषभर उंचीचे पंखे होते, थंड पाण्याची टाकी होती आणि संडास वीस पावलांवर होता. दादा गेली सहा वर्षं शेडमध्ये होता. दुसरी जागा आता मला मिळाली. माझ्या आधी आलेले गडी वर्षानुवर्षं टाकीवर भाजत होते आणि मी महिनाभरात पंख्याखाली. त्यांना वाटायचं, पोरगं हुशार आहे. मीही तसंच मानायला लागलो होतो. फुकट मिळालेल्याचा माज लवकर चढतो.

मे महिन्यात नवं मोठं काम आलं आणि शेडमधली माणसं कमी करायचं ठरलं. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

“टीम का एक ही आदमी अंदर रख सकता हूँ,” तो म्हणाला. “सच बता, मैच में तुझे उसकी ज़रूरत है? वो पीछे से बोलेगा तभी खेलेगा, या अपने आप खेल लेगा?”

हा प्रश्न कबड्डीचा नव्हता, हे मला तेव्हाच पुरतं कळलं होतं. मागून सांगणारा नसेल तर मला काही सुचणार नाही, एवढं खरं बोललो असतो तर दादा आत राहिला असता. गुडघा गेलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला टाकीवर चढवू नका, हेही म्हणता आलं असतं. बाहेरून येणाऱ्या गड्यांचे भाजलेले चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले.

“मुझे सब आता है सर,” मी म्हणालो.

“पक्का?”

“पक्का.”

“खलास,” म्हणून त्याने कागदावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी दादा डोक्याला फडकं गुंडाळून बाहेर गेला. जाण्याआधी मला म्हणाला, “त्या कोपऱ्यातल्या पंख्याचं बटण अडकतं. जोरात दाबू नको, जरा वर उचलून दाब.” मी बटण तसंच दाबलं, पंखा सुरू झाला आणि मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरचं काम बंद असतं, हे खरं. पण सकाळचे ते सहा तास आणि तीननंतरचं उरलेलं काम काही कोणाला चुकत नाही. दादाचं काम टाकीच्या माथ्यावर. खाली उतरायला उभी शिडी, आणि संडास यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. गुडघ्यामुळे शिडी नको, शिडी नको म्हणून लघवीला जायला नको, आणि त्यासाठी पाणी नको, असा हिशेब त्याने मनाशी लावला. कॅम्पला परतताना बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा. त्याची बाटली सकाळी भरलेली तशीच परत यायची. मला दिसायचं. रोज दिसायचं.

ऑगस्टमध्ये तो टाकीवरच कोसळला. दोरांनी बांधून खाली आणला. इस्पितळात मलयाळी नर्सने मला हिंदीत समजावलं की आता किडन्यांमध्ये फारसं काही उरलेलं नाही. महिन्याभरात त्याचा व्हिसा रद्द झाला. त्याची बॅग मीच भरली. चपलांचे दोन जोड, एक ब्लँकेट आणि टीमची जर्सी, झाली सोळा वर्षं.

त्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत आम्ही पहिल्या फेरीतच हरलो. थांबे सगळे पाठ होते मला. पण समोरच्याचा कुठला पाय जड पडतोय ते पाहून कुठला थांबा ओरडायचा, हे दादाचे डोळे ठरवायचे, आणि ते मला कधीच येत नव्हतं. मध्यरेषेवर उभं राहून मी मागे वळून पाहिलं. मागे आमचेच गडी माझ्या तोंडाकडे बघत होते. मॅनेजर अर्ध्यातूनच खुर्चीवरून उठून गेला. शेडमधली माझी जागा मात्र राहिली. माझं वाईट झालं असतं तर बरं, असं तेव्हा वाटून गेलं.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली. दादाला आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तालुक्याला जावं लागतं. एका खेपेला मी सोबत निघालो. तीच एस्टी. त्याला मी डावीकडच्या खिडकीशी बसवलं. हात सुजलेला, रंग मातकट झालेला. वाडी आली, गेली. शाळा गेली. तिठ्यावर गाडी बराच वेळ थांबली तेव्हा मला राहवलं नाही.

“दादा, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. तुझी गरज आहे का विचारलं. मी नाही म्हणालो.”

तो खिडकीबाहेरच बघत होता.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आधी मलाच बोलावलं होतं. म्हणाले, तू जुना माणूस, दोघांपैकी आत कोण राहणार ते तूच सांग.”

“मग?”

“मी काय सांगणार? स्वतःचं नाव घेऊ, की तुला आत ठेवा म्हणू? घरी पोरं होती माझी. म्हटलं, त्यालाच विचारा सर, घर का लड़का है. मला वाटलं, तू घेशील माझं नाव.”

गाडी सुटली. पूल गेला. मला रडू येत होतं, आणि या माणसासमोर रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. कंडक्टरने दवाखान्याची बेल मारली. दादा उठायला लागला, पण गुडघा साथ देईना. मी हात पुढे केला. त्याने एकदा पुढच्या सीटचा दांडा धरून पाहिला, ते जमेना, तेव्हा माझा हात धरला आणि उतरला.