लेडीज सेक्शनमधला सोफा

इथे आखातात, आमच्या इस्लामिक बँकेच्या लेडीज सेक्शनमध्ये ती मला एकदाच भेटली. चिपळूणकडची, खलिफा सिटीतल्या एका व्हिलात घरकाम करणारी, कपाळावर बारीकशी टिकली. मी सोफ्याच्या कडेला टेकून मोबाइल बघत होते. ती मात्र पाठ टेकवून ऐसपैस बसली होती. इतक्या ऐटीत बँकेत बसलेलं मी कुणालाच पाहिलेलं नाही.

"मावशी, आपल्या बायका तर मनी एक्सचेंजच्या दुकानातूनच गावी पैसे पाठवतात. तुम्ही इथे कशा?"

"आणि तुम्ही, ताई?"

"मला गाडीचं फायनान्स इथे स्वस्त पडलं."

"माझी अरबी मॅडम धर्मासाठी येते. व्याज नको तिला." तिने सोफ्यावरून हात फिरवला. "आणि मी ह्याच्यासाठी. घरी तिचा सोफा मी रोज झटकते, पण बसत नाही. इथे तीही टोकन घेते, मीही घेते. मागे एकदा शेजारीशेजारी बसलो होतो. सलाम तिनेच आधी केला."

एवढ्यात बोर्डावर तिचा नंबर आला. ती हललीच नाही.

"मावशी, तुमचा नंबर!"

"जाऊ दे हो," ती म्हणाली, "दुसरं टोकन घेते." आणि तिने पाय जरा लांब केले.