उलटा बाण

गिरिधरराव हवामानाच्या कचेरीत नकाशे भरायचे. टेलिप्रिंटरवर आकडे आले की समुद्रात कुठे कसा वारा आहे ते बाणांनी दाखवायचं, बावीस वर्षं हेच काम. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात जहाजांच्या जोडीला उपग्रहाने टिपलेला वाराही येऊ लागला. "वरून ढग पाहते अन् समुद्रावरचा वारा सांगते म्हणे," ते बायकोला, सुमतीबाईंना, हसत सांगत.

श्रावणातल्या एका सोमवारी बंगालच्या उपसागरातून एका जहाजाने पश्चिमेचा वारा कळवला. त्याच्या थोडं उत्तरेला उपग्रह म्हणत होता, पूर्वेचा. दोघांतलं एक खोटं, असं धरून त्यांनी उपग्रहाचा बाण काढलाच नाही. आलेल्या आकड्यांच्या यादीत त्यापुढे 'चूक' लिहून मोकळे झाले. साहेबांनी नकाशा पाहून तुरळक सरी सांगितल्या. मंगळवारी तिकडून ना जहाजाची खबर आली, ना उपग्रहाची.

शेजारचे देवराव कुंपणापाशी आले. "गिरिधरभाऊ, उद्या स्लॅब टाकून घेऊ का गा?"

"घ्या बिनघोर."

बुधवारी स्लॅब टाकून तास झाला नाही तो आभाळ फाटलं. सगळं सिमेंट अंगणात वाहून आलं. देवराव म्हणाले, "पाणी काय तुमच्या हातात हाय?"

आता गिरिधररावांना उमगलं. दोन्ही वारे खरे होते. मधोमध कमी दाबाचा भोवरा होता, म्हणून उलटे. तोच सरकत इथवर आला होता.

महिनाअखेर याद्या वर जायच्या होत्या. उपग्रहाचा वारा किती भरवशाचा ते पाहून अंदाजाचं गणित सुधारणार होते. 'चूक' तशीच गेली तर ठपका खरं सांगणाऱ्यावर. खोडली तर साहेब विचारणार, मग बाण कुठे गेला?

पुढच्या सोमवारी ते उपास सोडायला बसले, पण ताट तसंच होतं.

"काहून जेवून नाही राहिले?" सुमतीबाईंनी विचारलं. गिरिधररावांनी सारं सांगितलं. "महादेवापुढे रोज नाक घासतो."

"महादेवाचा स्लॅब नाही वाहिला," त्या म्हणाल्या आणि ताक वाढलं.

सकाळी त्यांनी यादीत लिहिलं, 'वारा बरोबर. मी नकाशावर घेतला नाही.' खाली सही केली. संध्याकाळी देवरावांकडे गेले.

देवरावांनी सगळं ऐकलं, कातरलेली सुपारी तोंडात टाकली. "रविवारी फोडाचा हाय तो स्लॅब," ते म्हणाले. "घमेले उचलाले या."

रविवारी गिरिधरराव दिवसभर मलबा वाहत होते. नवा स्लॅब कधी टाकायचा, यावर देवराव मिस्त्रीशी बोलत होते. मिस्त्रीने आभाळाकडे पाहिलं, देवरावांनीही पाहिलं. गिरिधररावांना कोणी काही विचारलं नाही.