पूर्वेकडे उतू गेलेलं दूध

निघायच्या दिवशी माझी बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलली गेली. घरातल्या काट्यावर बाबांचा विश्वास नव्हता. रायपूरला शंकर नगरच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी हातगाडी घेऊन येणाऱ्या रद्दीवाल्या भैयाला त्यांनी फाटकाशी थांबवलं आणि जर्मनीला जाणारी बॅग त्याच्या हुकाला लटकवली. भैयाने काटा स्थिर होऊ दिला आणि "ज्यादा है साहब" म्हणाला. मग बॅग तिथेच फाटकात उघडली. आईने तिखटाला हात लावू दिला नाही, बिजौरीला, म्हणजे उडदाच्या वाळवलेल्या वड्यांना, लावू दिला नाही. शेवटी माझे स्वेटर निघाले. जर्मनीत थंडी असते हे आईला ठाऊक होतं, पण तिथे तिखट मिळत नाही याची तिला जास्त खात्री होती.

विमानतळावर बाबा सारखे पासपोर्टबद्दल विचारत होते. ते सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी दाराकडे वळले तेव्हा आईने एकच गोष्ट सांगितली. "जिथं तुले राहाची खोली भेटन ना, तिथं पहिले दूध उतू घालजो. विसरू नको."

"हाँ आई, कर लूँगी," मी म्हणाले. आमच्याकडे हे असंच चालतं. आईबाबा मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देते, आणि यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नाही. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात नागपूरकडून इकडे आलं म्हणतात. एवढ्या पिढ्यांत गाव बदललं, जेवण अर्धंमुर्धं बदललं, बोलणंही बदलत चाललंय. पण नव्या घरात दूध उतू घालायचं मात्र कोणी सोडलं नाही.

तुम्हा रायपूरकरांपैकी जे बाहेर शिकायला गेले त्यांना हे सांगायला नको, पण जे रायपूरलाच राहिले त्यांच्यासाठी सांगते. विद्यापीठ तुम्हाला प्रवेश देतं, खोली देत नाही. ती आपली आपण शोधायची. खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर तिथल्या शहराच्या कचेरीत नाव लागत नाही, आणि तिथे नाव लागलं नाही की व्हिसा पुढे सरकत नाही. मी आधी एका सीनियर दीदीच्या सोफ्यावर झोपले, मग सुट्टीवर गेलेल्या कोणाच्या तरी खोलीत राहिले. दिवसभर मटेरियल सायन्सचे वर्ग करायचे आणि संध्याकाळी अनोळखी लोकांना मी किती शांत, स्वच्छ आणि समजूतदार आहे हे ईमेलमध्ये पटवून द्यायचं. आईने फोनवर विचारलं, "घर भेटलं का?" की मी चिडायचे. तिला वाटायचं मी अभ्यासाने थकले. अभ्यास त्या मानाने सोपा होता.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा स्टुडंट हॉस्टेलमध्ये खोली मिळाली. सहावा मजला, लांब कॉरिडॉर, आठ जणांत एक स्वयंपाकघर. करारात लिहिलं होतं की पहिलं सेमिस्टर प्रोबेशन. गंभीर तक्रार आली तर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाणार. ती यादी किती लांब होती हे मला चांगलं माहीत होतं, कारण मीच त्यात महिनोन्महिने उभी होते.

पहिल्याच रविवारी दुपारी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. रायपूरच्या गोल बाजारातून घेतलेला स्टीलचा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, मी शेगडीवर ठेवला.

"पूर्व कोणत्या बाजूले आहे?" आईने विचारलं.

मी फोनवर बघून सांगितलं, "फ्रिज की तरफ."

"मंग तिकडं थोडासा कलता ठेव. दूध पूर्वेकडं सांडलं पाहिजे. थोडं नाही, चांगलं सांडू दे. कंजुषी काहून करून राहिली?"

गंजाच्या एका बाजूला मी चमचा सरकवला. दूध वर आलं, काठावर थबकलं आणि फ्रिजच्या दिशेने सांडलं. इथवर सगळं आईच्या मनासारखं झालं.

आपल्याकडे गॅसवर दूध उतू गेलं की ज्योत विझते किंवा आपण विझवतो, ओटा पुसतो, झालं. तिथली शेगडी सपाट काचेची होती. मी बटण बंद केलं तरी काच लालच्या लाल. दूध तिच्यावर पसरत गेलं आणि जळत गेलं. बघता बघता स्वयंपाकघर धुराने भरलं. मी खिडकीकडे धावेपर्यंत छतावरचा अलार्म वाजायला लागला होता, आणि मग कॉरिडॉरमधला, आणि मग सगळ्या इमारतीतला.

सगळे खाली उतरले. बर्फ नव्हता, पण थंडी अशी की दात वाजत होते. एकाच्या केसांना शाम्पूचा फेस होता. एका मुलीने जॅकेटमध्ये मांजर लपवलं होतं, जे पाळायला हॉस्टेलमध्ये सक्त बंदी होती, आणि ते मांजर सगळ्यांच्या देखत ओरडत होतं. अग्निशामक दलाचे लोक वर गेले आणि थोड्या वेळाने त्यातला एक माझा गंज हातात घेऊन खाली आला. "हे कोणाचं?" मी हात वर केला. माझ्या खिशातला फोन अजून चालूच होता.

"उतू गेलं का?" आई आतून विचारत होती.

"हाँ आई, पूरा गया."

"चांगलं झालं बाई. मंग आता काही काळजी नाही."

दोन दिवसांनी हॉस्टेलच्या ऑफिसमधून बोलावणं आलं. नेमकं काय घडलं ते समक्ष येऊन सांगा, त्यानंतर खोलीबाबत निर्णय होईल, असं त्यात होतं. समोरच्या खोलीतली लेना भली मुलगी. तिने मला बसवून सांगितलं की दूध ठेवून विसरले, एवढंच म्हण. सगळेच विसरतात, त्यावर कोणी खोली काढून घेत नाही. पण मुद्दाम सांडलं म्हणालीस तर काय होईल, सांगता येत नाही. तिचं खरं होतं. मला स्वतःलाही 'मी हे जाणूनबुजून केलं' हे वाक्य इंग्रजीत म्हणून बघताना वेड्यासारखं वाटत होतं.

बाबांना फोन केला. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं आधीच बजावलं. बाबा प्लांटमध्ये बोलतात तसंच बोलले. "आमच्याइथं काही जळलं की पहिले विचारतेत, स्विच कोणं टाकला? जो खोटं बोलते, त्याच्यामुळं पूर्ण लाइन बंद ठेवा लागते. तू खरं सांगून दे. खोली गेली तर दुसरी पाहू."

दुसरी कुठून पाहणार होते ते, रायपूरहून? पण त्यांच्या त्या 'पाहू'चा मला आधार वाटला.

ऑफिसमधल्या बाई माझ्या आत्याच्या वयाच्या होत्या, केस बारीक कापलेले. त्यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. "दूध ठेवून विसरलात?"

"नाही," मी म्हणाले. "मुद्दाम उतू जाऊ दिलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं की आमच्याकडे नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवतात आणि ते सांडू देतात, घरात काही कमी पडू नये म्हणून. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी अलार्म वाजत नाही का? मी म्हटलं, आमच्या घरी अलार्म नसतो, आई असते. त्या हसल्या नाहीत. शेगडी, काच, बंद केल्यावर ती किती वेळ तापलेली राहते, हेच विचारत राहिल्या. मनात मी दीदीच्या सोफ्यावर परत जाऊन पोहोचले होते.

शेवटी त्या म्हणाल्या, "विसरले म्हणाला असतात तर मला काळजी वाटली असती. विसरणारा पुन्हा विसरतो. मुद्दाम करणाऱ्याला निदान सांगता तरी येतं, की पुन्हा करू नका." लेखी ताकीद मिळाली, आणि सेमिस्टर संपेपर्यंत ती काचेची शेगडी घासायचं काम. खोली राहिली. बाहेर येऊन मी सायकल स्टँडपाशी उभी राहून रडले. जाणारे-येणारे बघत होते, बघू दिलं.

ती शेगडी मी महिनोन्महिने पात्याने खरवडली. खरवडताना कोणी ना कोणी येऊन ओट्याशी टेकायचं आणि बोलत बसायचं. माझी ओळख सगळ्या मजल्यावर झाली ती अशी, दूधवाली म्हणून. तरीही मी त्या घरात दबकतच वावरायचे. आंघोळीला जाताना साबण डबीत घेऊन जायचे आणि परत खोलीत आणायचे. भांडं आपटलं तर मीच दचकायचे. रात्री खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. ताकीद फायलीत होती, आणि ती माझ्या पायांनाही ठाऊक होती.

या उन्हाळ्यात, निघाल्यापासून पहिल्यांदाच, मी रायपूरला आले. मी गेल्यावर माझी खोली आईने एका मुलीला राहायला दिली आहे, हे तिने फोनवर सांगितलं होतं, आणि मीही "हाँ हाँ, रख लो" म्हणून टाकलं होतं. मुलीचं नाव हेमा, कोंडागावची, इथे नर्सिंग शिकते. फोनवर हे सोपं होतं. प्रत्यक्षात दार उघडलं तर माझ्या टेबलावर तिची पुस्तकं, माझ्या खुंटीवर तिचा पांढरा कोट, माझ्या खिडकीला कुठलासा नवा पडदा. मला राग आला. एवढ्या लांबून मी याच खोलीत यायला निघाले होते, आणि इथे माझं म्हणून कपाटाचा एक कप्पा तेवढा उरला होता.

हेमा बाथरूममधून आली. तिच्या हातात साबणाची डबी होती. ती तिने पुसून आपल्या पिशवीत ठेवली, आणि तेव्हा मला दिसलं की पिशवी भरलेली आहे. पलंगावरची तिची चादरही घडी करून वर ठेवली होती.

"दीदी, मैं सहेली के यहाँ चली जाऊँगी," ती खाली बघत म्हणाली. "आपका कमरा है."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून जाते ही पोट्टी? मी सकाळपासून सांगून राहिली, ऐकतच नाही!"

हेमाने बसायला म्हणून माझी खुर्ची पुढे केली. सरकवली नाही, उचलून ठेवली. तिची परीक्षा तोंडावर आली होती, सहेलीची खोली कुठे, कशी, कोणास ठाऊक, आणि ती मला खोली मागत नव्हती, परत करत होती. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तिची पिशवी उचलली आणि पलंगावर उपडी केली. "तू कहीं नहीं जा रही. यहीं रहेगी, पढ़ाई पूरी होने तक."

"हव दीदी," म्हणून तिने होकार दिला, आणि ती पलंगावर सांडलेलं सामान परत जागेवर लावायला लागली. मी माझी बॅग ओढत हॉलमध्ये, कूलरसमोर नेली आणि तिथेच उघडली.

लोक मला विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? सहाव्या मजल्यावरची ती खोली माझी आहे, भांडून नाही तरी खरं बोलून मिळवलेली. रायपूरच्या खोलीत आता मला झोपायलाही जागा नाही. पण जर्मनीत, त्या ऑफिसच्या खुर्चीत, मला राहू द्या म्हणत बसावं लागलं होतं. इथे मी दुसऱ्या कोणाला 'राहा' म्हणाले, आणि ते म्हणायला मला कोणाला विचारावं लागलं नाही, आईलाही नाही. माझं घर हेच.